फ्लूक गरवताना मापाचा मासा का मिळत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मुख्यतः न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या खाड्यांत, हौसेने फ्लूक हा चपटा मासा गरवणाऱ्या मराठी मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडे जिथे एखाद्या वर्षाचे आहेत तिथे ते वर्ष दिलं आहे. नियम जवळजवळ दर हंगामात हलतात, म्हणून निघण्याआधी आपल्या राज्याच्या सागरी मत्स्य विभागाचं त्या वर्षाचं पान उघडून बघाच.

१. फ्लूक, फ्लाउंडर, समर फ्लाउंडर, विंटर फ्लाउंडर... नक्की कोण कोण?

फ्लूक आणि समर फ्लाउंडर हा एकच मासा. विंटर फ्लाउंडर वेगळा, आणि त्याचं माप, मर्यादा, हंगाम सगळंच वेगळं. आपल्याकडची लेप याच चपट्या माशांच्या गोत्रातली, त्यामुळे दोन्ही डोळे एकाच अंगाला हे काही आपल्याला नवं नाही. फरक ओळखायचा तो डोळे कुठल्या अंगाला आहेत यावरून.

मासा उभा धरा, पोट खाली, डोळ्यांची बाजू तुमच्याकडे. तोंड डावीकडे आलं तर फ्लूक, उजवीकडे आलं तर विंटर फ्लाउंडर. शंका राहिली तर तोंड उघडून बघा. फ्लूकचा जबडा मोठा, डोळ्याच्या खालपर्यंत जाणारा आणि दात टोकदार. विंटर फ्लाउंडरचं तोंड बारीक, जाड ओठांचं. फ्लूकच्या पाठीवर शेपटीकडच्या भागात पाच ठळक, कडा असलेले डोळ्यांसारखे ठिपकेही असतात, पण अंगाचा रंग तळानुसार बदलत असल्याने ते कधी कधी पुसट दिसतात.

तिसरा एक पाहुणा येतो तो विंडोपेन. त्याचेही डोळे डाव्या अंगाला आणि तोंडही मोठं, त्यामुळे नवखे फसतात. पण तो जवळजवळ गोल असतो आणि इतका पातळ की उजेडाकडे धरला तर आरपार उजेड दिसतो. त्याला सोडून द्या, त्यावर मांस नसतंच.

२. कायदेशीर माप किती आणि किती मासे ठेवता येतात?

हे राज्यावर, आणि कधी कधी राज्यातल्या पाण्यावरही अवलंबून आहे. अंदाज यावा म्हणून २०२४ चं चित्र सांगतो.

न्यू जर्सीत किमान १८ इंच, माणशी ३ मासे, ४ मे ते २५ सप्टेंबर. त्याच राज्यात डेलावेअर बेमध्ये मात्र १७ इंच, आणि आयलंड बीच स्टेट पार्कच्या किनाऱ्यावरून गरवलं तर १६ इंच पण २ मासे. न्यूयॉर्कमध्ये ४ मे ते १ ऑगस्ट १९ इंच आणि २ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर साडेएकोणीस, माणशी ३. म्हणजे जुलैच्या शेवटच्या रविवारी घरी नेता आलेला मासा पुढच्या रविवारी परत पाण्यात टाकावा लागू शकतो. दरवर्षी ऑगस्टमध्ये कुणीतरी यात अडकतंच.

मर्यादा माणशी आणि दिवसाला असते. सकाळी एकदा तीन, संध्याकाळी परत येऊन तीन, असं चालत नाही.

३. समुद्रात गरवायला लायसन्स लागतं का?

न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये पैसे भरून घ्यायचं लायसन्स नाही, पण १६ वर्षांपासून पुढच्यांनी राज्याच्या सागरी नोंदवहीत फुकट नाव नोंदवायचं असतं. काम पाच मिनिटांचं, ऑनलाइन. कनेटिकटमध्ये मात्र लायसन्स लागतं. परवानाधारक भाड्याच्या बोटीवर गेलात तर न्यू जर्सीत ही नोंदणी वेगळी लागत नाही.

४. मासा मोजायचा नक्की कसा? आमच्या पट्टीवर १८ भरला आणि अधिकाऱ्याच्या पट्टीवर भरला नाही.

एकूण लांबी मोजायची: मिटलेल्या तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, सरळ रेषेत. फ्लूकची शेपटी मध्ये थोडी बाहेर आलेली असते, त्यामुळे सगळ्यात लांब जागा मधोमध मिळते.

मापात घोळ होतो तो बहुतेक वेळा तीन कारणांनी. पहिलं, कापडी टेप माशाच्या अंगावरून टाकून मोजणं. फ्लूक चपटा असला तरी पाठीला फुगवटा असतो, आणि टेप त्यावरून गेला की पाव ते अर्धा इंच जास्त दाखवतो. मासा टेपवर ठेवायचा, टेप माशावर नाही. दुसरं, तोंड उघडं राहणं. जबडा वासलेला असताना पुढे आलेला खालचा ओठ मोजला जातो. तिसरं, ज्या पट्टीला शून्याशी उभी भिंत नाही तिच्यावर नाक अंदाजाने लावणं.

यासाठी उभी कड असलेली मोजपट्टी घ्या. ती ओली करा, मासा पांढऱ्या अंगावर झोपवा, नाक भिंतीला टेकवा, एका बोटाने तोंड मिटवा, शेपटी सपाट करा, बस. मासा फडफडत असेल तर ओल्या तळहाताने डोळे झाकले की बहुधा शांत होतो.

आणि हे लक्षात ठेवा की बर्फात ठेवलेला मासा थोडा आखडतो. पाण्यातून काढल्यावर जेमतेम १८ भरलेला मासा धक्क्यावर येईपर्यंत १७ आणि तीन चतुर्थांश झाला तर दोष मोजणाऱ्याचा नसतो, पण दंड मात्र तुमचाच. म्हणून पाव इंचाच्या आतबाहेरचा मासा सोडून द्यायचा, हाच आमचा सल्ला. माप १८ म्हणजे डोक्यात सव्वाअठरा धरा.

५. दिवसभरात वीस मासे लागले, एकही ठेवण्याजोगा नाही. आम्ही काही चुकतोय का?

बहुधा नाही. हौशी मासेमारांच्या गळाला लागलेले बहुतेक फ्लूक परत सोडावेच लागतात, अनुभवी लोकांचेही. यामागे चार गोष्टी एकत्र काम करतात.

पहिली गोष्ट वाढीची. फ्लूकमध्ये मादी नरापेक्षा वेगाने आणि बरीच जास्त वाढते. नर विशीच्या इंचांपलीकडे क्वचितच जातो. म्हणजे माप १८-१९ इंचांवर नेऊन ठेवलं की पाण्यातले बहुतेक नर आयुष्यभर मापाखालीच राहणार. तुमच्या वीस माशांपैकी कित्येक 'लहान' नसतातच. ते पूर्ण वाढलेले नर असतात.

दुसरी गोष्ट साध्या गणिताची. कुठल्याही वर्षी जन्मलेल्या माशांतले दर वर्षी काही कमी होत जातात, म्हणून चार-पाच वर्षांच्या माद्यांपेक्षा एक-दोन वर्षांची पोरं नेहमीच जास्त. त्यात भर म्हणून मापाची रेघ ओलांडली की मासा उचलला जातो, आणि रेघेच्या आत आहे तोवर परत पाण्यात जातो. त्यामुळे रेघेच्या अलीकडे गर्दी साठते. साडेसोळा-सतराचे मासे एकामागून एक येतात ते उगीच नाही.

तिसरी गोष्ट, नव्या पिढीची भर. फ्लूक शरद ऋतूत खाड्या सोडून बाहेर खोल पाण्याकडे निघतो आणि वाटेत, तिकडे उथळ पठाराच्या समुद्रात अंडी घालतो. अंड्यांतून निघालेली पिल्लं प्रवाहाबरोबर खाड्यांत येतात. ती किती जगतात यावर तीन-चार वर्षांनंतरचे मापाचे मासे ठरतात. २०११ नंतर बरीच वर्षं ही भर सरासरीपेक्षा कमी राहिली.

चौथी गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे: जागा आणि आमिष. छोट्या फ्लूकच्या थव्यावर बोट पुन्हा पुन्हा फिरवत राहिलात तर दिवसभर छोटेच येणार. एकाच पट्ट्यात सलग पाच-सहा मासे १४-१५ इंचांचे निघाले की तो पट्टा सोडा. हात सुटत नाही, कारण दोरीला सारखं काहीतरी लागत असतं. पण सोडा. कुठे जायचं ते प्रश्न ६ मध्ये, काय लावायचं ते प्रश्न ८ मध्ये.

६. मोठे मासे मग असतात कुठे?

हंगामाप्रमाणे बदलतं. मे महिन्यात पाणी थंड असतं तेव्हा मागच्या उथळ खाड्या आधी तापतात. दुपारनंतरची ओहोटी ते कोमट पाणी खाडीच्या तोंडाकडे आणते. पाणी साधारण ६० फॅरनहाइटला पोचलं की फ्लूक खाऊ लागतो. या दिवसांत चार-आठ फूट पाण्यातही चांगली मादी मिळते, आणि बोटवाले तिच्यावरून खोल पाण्याकडे निघून जातात.

जुलैपासून मोठे मासे खाडीतून बाहेर सरकतात. मग खाडीचं तोंड, पुढचे वाळूचे बांध, आणि ४० ते ८० फुटांतले खडकाळ, शिंपल्यांचे तळ. न्यू जर्सीने बुडवलेल्या जहाजांचे आणि काँक्रीटचे कृत्रिम रीफ आहेत: सी गर्ट, अ‍ॅक्सल कार्लसन, गार्डन स्टेट नॉर्थ, ओशन सिटी, केप मे. मोठा फ्लूक ढिगाऱ्यावर बसत नाही. तो ढिगाऱ्याच्या कडेला वाळूत दडून बसतो, प्रवाहाने वाहून येणाऱ्या लहान माशांची वाट बघत. म्हणून रीफच्या मधोमध शिसं (दोरीचं वजन) अडकवून बसण्यापेक्षा कडेकडेने वाहा, म्हणजे बोट प्रवाहावर सोडून द्या. दोन-चार शिसं जातील, तो खर्च गृहीत धरा.

खाडीच्या आत असाल तर नकाशावर उतार शोधा. सपाट तळावर छोटे पसरलेले असतात. १० फुटांवरून एकदम २०-२२ फुटांवर उतरणारी कड असेल तिथे, त्यातही उताराच्या पायथ्याशी, वाहा. रॅरिटन बेमध्ये जहाजांच्या वाटेच्या कडा, बार्नेगाट आणि शिनेकॉकमध्ये तोंडाच्या आतले वाळूचे दांडे, मॉन्टॉकला खडकाळ उतार, सगळीकडे सूत्र तेच.

७. सामान काय घ्यायचं? दुकानात शंभर प्रकार दिसतात.

साडेसहा-सात फुटांचा, टोकाला हलका पण कण्याला दम असलेला रॉड. छोटं रीळ, १५ ते २० पौंडांची विणलेली दोरी. नायलॉनची दोरी ताणते, आणि ६० फुटांवर टोचणं कळतच नाही. विणलेल्या दोरीला पुढे २० ते ३० पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे गळाआधीचा पारदर्शक तुकडा. त्यापुढे दोन मांडण्यांनी भागतं.

आमिषाची मांडणी: तीन तोंडांचं स्विव्हल. एका तोंडाला मुख्य दोरी, दुसऱ्याला चार-सहा इंचांच्या तुकड्यावर शिसं, तिसऱ्याला २४ ते ३६ इंचांचा लीडर आणि ४/० ते ६/० चा रुंद गळ. शिशाचा तुकडा मुद्दाम मुख्य लीडरपेक्षा कमजोर ठेवा, म्हणजे खडकात अडकलं तर फक्त शिसं तुटतं.

बकटेलची मांडणी: खाली बकटेल जिग, म्हणजे शिशाचं डोकं आणि केसांचा झुपका असलेला गळ (खाडीत अर्धा ते दीड औंस, समुद्रात तीन ते आठ), त्याच्या १२ ते १८ इंच वर आखूड फाट्यावर एक मोकळा गळ, दोन्हींवर चार-पाच इंचांचं कृत्रिम सुवासिक रबरी आमिष. पांढरा आणि पोपटी हे दोन रंग पुरेत. वरच्या मोकळ्या गळालाच पुष्कळदा जास्त मासे लागतात.

शिसं किती? दर दहा फूट खोलीला एक औंस, ही सुरुवात. त्यानंतर वारा आणि प्रवाह बघून कमीजास्त करा. दोरी उभ्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त मागे गेली तर शिसं वाढवा.

८. मोठं आमिष लावलं की मोठाच मासा लागतो का?

लागतोच असं नाही. चौदा इंची फ्लूक आपल्या अर्ध्या लांबीच्या आमिषावरही धावतो. पण छोट्यांचं प्रमाण कमी होतं, आणि महत्त्वाचं म्हणजे ते अडकतात कमी, कारण शेपटीला चावून सोडून देतात.

माकूळची पट्टी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट कापली जाते. नळी उभी चिरून सपाट करा, साल आणि आतली पारदर्शक काडी काढा. मग पाच-सहा इंच लांब, वर पाऊण इंच रुंद आणि खाली टोकदार होत गेलेला त्रिकोण कापा. गळ रुंद टोकाला, अगदी मध्यावर, एकदाच टोचा. दोनदा ओवला किंवा मध्य चुकला की पट्टी पाण्यात भिंगरीसारखी फिरते, लीडरला पीळ पडतो, आणि फिरणाऱ्या आमिषाकडे फ्लूक बघतही नाही. टाकण्यापूर्वी बोटीच्या कडेला पाण्यात धरून बघा: ती लहरत जायला हवी.

सी रॉबिन हे नको असलेले मासे सारखे लागून वैताग देतात, पण त्यांच्या पोटाकडची पट्टी उत्तम. मांस तासून तीन-चार मिलिमीटरच ठेवा, जाड राहिली तर ती हलत नाही. माकूळपेक्षा ती चिवट, चार-पाच मासे होईतो टिकते. जिवंत किली (खाडीतले बारके मासे) खाडीत हंगामाच्या सुरुवातीला चांगले. ऑगस्टमध्ये मोठ्या मादीसाठी जिवंत छोटा ब्लूफिश किंवा बोटभर बंकर मासा लावतात. ब्लूफिश आमिष म्हणून ठेवला तरी तो तुमच्या त्या दिवसाच्या ब्लूफिशच्या मर्यादेत मोजला जातो, हे बरेच जण विसरतात.

९. बोट किती वेगाने वाहायला हवी?

साधारण ०.८ ते १.२ नॉट. फ्लूक बसल्या जागेवरून झेप घेतो, त्यामुळे आमिष हलतं हवं. बोट उभी राहिली तर त्याला काही दिसत नाही, आणि दोन नॉटच्या वर गेली की छोटे गाठतात, मोठी मादी उठत नाही.

वारा आणि प्रवाह एकाच दिशेला असले की वेग जास्त होतो. तेव्हा पाण्यात कापडी नांगर, म्हणजे ड्रिफ्ट सॉक, सोडा. वारा प्रवाहाविरुद्ध असला की बोट जागीच घुटमळते; तेव्हा मोटर हळू गिअरमध्ये टाकून ढकलत न्या, किंवा बकटेल घेऊन स्वतः हालचाल द्या. भरती संपून ओहोटी लागण्याआधीच्या थांबलेल्या पाण्यात जेवून घ्या.

१०. टपटप लागतं, ओढलं की काहीच नाही. अर्धं आमिष गायब.

आमिषाच्या मांडणीवर लगेच ओढू नका. फ्लूक आधी मागून शेपूट पकडतो आणि मग सरकत पुढे येतो. टोचणी कळली की रॉडचं टोक माशाच्या दिशेने खाली करा, दोरी किंचित सैल द्या, दोन-तीन सेकंद. मग हळू उचलून वजन जाणवतंय का बघा, आणि जाणवलं तरच ओढा. बकटेलवर उलट: लागलं की लगेच. तिथे वाट बघितली तर मासा शिसं ओळखून थुंकतो.

तरीही सारखं अर्धंच आमिष जात असेल तर ते छोटे आहेत. गळ बारीक करून त्यांना पकडण्यात काही हशील नाही. फार वाट बघण्याचा तोटा प्रश्न १४ मध्ये.

११. बोट नाही. किनाऱ्यावरून मापाचा मासा मिळतो का?

मिळतो, कमी मिळतो. म्हणूनच काही राज्यांनी ठरावीक किनाऱ्यांवर माप उतरवलं आहे: आयलंड बीच स्टेट पार्कचं वर आलंच, कनेटिकटनेही निवडक किनाऱ्यांवर १७ इंचांची सवलत दिली आहे. ती सवलत त्या जागेपुरती. शेजारच्या बीचवर लागू नाही.

लाटांमध्ये लांब फेकण्याचा मोह टाळा. फ्लूक पहिल्या वाळूच्या बांधाच्या अलीकडे, पायापासून वीस-तीस फुटांवरही पडून असतो. अर्धा-एक औंसाचं बकटेल तिरकं टाका आणि तळाला घासत, थांबत थांबत ओढा. एका जागी दोन-तीन फेकींनंतर दहा पावलं पुढे.

१२. पार्टी बोटीवर (माणशी तिकीट काढून जायच्या बोटीवर) गेलो तर बरं पडेल का?

पहिल्यांदा जाणाऱ्याला होय. रॉड, शिसं, आमिष तिथेच मिळतं, आणि मदतनीस मासा मोजून देतो. शक्य तर कोपऱ्यातली जागा घ्या, दोऱ्या कमी गुंततात. सगळ्यांएवढंच शिसं लावा, हलकं लावलंत की तुमची दोरी पाच जणांच्या दोरीत जाते.

१३. वर आणलेला मोठा मासा अगदी बोटीपाशी निसटतो.

डोकं पाण्याबाहेर आलं की फ्लूक मान झटकतो, आणि मोठ्या तोंडात गळाने केलेलं भोक आधीच रुंद झालेलं असतं. त्याला पृष्ठभागाच्या जरा खाली ठेवा. जाळं आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि मासा डोक्याकडून त्यात न्या. शेपटीमागून जाळं मारलं की तो पुढे उसळतो. वर आणताना रॉड वरखाली पंप करू नका, रीळ सारख्या वेगाने फिरवा.

१४. छोटा मासा सोडला म्हणजे तो जगतोच ना?

बहुतेक जगतात, सगळे नाही. या माशाच्या साठ्याचा हिशेब करताना हौशी मासेमारांनी सोडलेल्यांपैकी १० टक्के मरतात असं धरतात. म्हणजे वीस सोडले तर हिशेबात दोन मेले. ते तुमच्या खोक्यात आले नाहीत, पण पुढच्या वर्षीचा नियम ठरताना मोजले गेले. छोट्यांचा पट्टा सोडा असं प्रश्न ५ मध्ये म्हटलं त्याचं हेही कारण.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: वाढलेल्या फ्लूकला हवेची पिशवी नसते, त्यामुळे खोलातून वर आणल्यावर इतर माशांसारखा तो फुगत नाही आणि स्वतः तळाला जाऊ शकतो. मरतो तो मुख्यतः गिळलेल्या गळाने आणि हाताळणीने.

म्हणून: मोठा गळ वापरा, तो गिळला कमी जातो. आमिषावर दहा-दहा सेकंद वाट बघू नका. स्पष्ट छोटा दिसला तर जाळ्यात घेऊच नका, जाळ्याने अंगावरचा बुळबुळीत थर आणि परांच्या कडा जातात. पाण्यातच लीडर धरा, गळकाढ्याने गळाचा वाक पकडून उलटा फिरवा. हातात घ्यावाच लागला तर हात ओले करा आणि कल्ल्यांच्या झाकणामागून दोन्ही अंगांनी आडवा धरा. कल्ल्यांत बोट घालू नका. लाल पात्यांना धक्का लागला की रक्त थांबत नाही. तापलेल्या डेकवर ठेवू नका. डोकं खाली करून पाण्यात सोडा, दुरून फेकू नका.

गळ घशाखाली गेला असेल तर ओढू नका. दोरी तोंडाशी कापा आणि सोडा.

१५. पण तो मरणारच आहे, रक्त येतंय. अशा वेळी ठेवला तर चालतो?

नाही. मापाखालचा मासा मेलेला असला तरी बाळगणं गुन्हाच आहे. अन्याय वाटतो, आणि वाया जातो हेही खरं. पण 'मरत होता म्हणून ठेवला' ही सवलत दिली तर प्रत्येक खोक्यातला प्रत्येक छोटा मासा मरतच होता असं निघेल.

१६. बोटीवरच मासा साफ करून फिले काढले तर?

धक्क्याला लागेपर्यंत मासा अखंड ठेवा. न्यू जर्सीत एक सूट आहे: तुमच्या दिवसाच्या मर्यादेतला, मापाचा एक फ्लूक तुम्ही आमिषासाठी कापू शकता. सांगाडा मात्र डोक्या-शेपटीसह अखंड ठेवायचा, म्हणजे मोजता येईल, आणि तो तुमच्या मर्यादेत धरला जातो. कालच्या फ्लूकच्या पट्ट्या आज आमिष म्हणून आणणं मात्र चालत नाही, त्या तुम्हीच पकडलेल्या मापाच्या माशाच्या असल्या तरी.

१७. रॅरिटन बेमध्ये न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कची हद्द मधूनच जाते. नियम कुणाचा?

मासा कुठे पकडला एवढ्यावर भागत नाही, तो घेऊन तुम्ही कुठल्या पाण्यात आहात हेही बघितलं जातं. न्यू जर्सीच्या पाण्यात पकडलेला साडेअठराचा मासा घेऊन तुम्ही वाहत वाहत न्यूयॉर्कच्या बाजूला गेलात, तर तिथे तो मापाखालचा. जीपीएसवर हद्दीची रेघ लावून ठेवा. दोन्ही बाजूंना फिरणार असाल तर दिवसभर कडक नियम पाळा: मोठं माप, कमी मर्यादा, आणि दोन्हीकडे हंगाम चालू असेल तरच.

१८. शेजारच्या राज्यात कमी माप आणि आमच्याकडे जास्त, हा काय न्याय?

फ्लूकची व्यवस्था मिड-अटलांटिक फिशरी मॅनेजमेंट कौन्सिल आणि अटलांटिक स्टेट्स मरीन फिशरीज कमिशन मिळून बघतात. हौशी मासेमारीचं एकूण प्रमाण वरून ठरतं. मग त्या प्रमाणात बसेल असं माप, मर्यादा आणि हंगाम यांचं मिश्रण राज्यं किंवा राज्यांचे गट ठरवतात. ज्या किनाऱ्यावर बोटी जास्त, मोठे मासे जास्त, तिथे माप वर जातं. फ्लूकचं वय वाढतं तसा तो उत्तरेकडे आणि खोलाकडे सरकलेला दिसतो, म्हणून डेलावेअरच्या दक्षिणेला मापं सहसा लहान असतात.

१९. मोठं माप ठेवून आपण अंडी घालणाऱ्या माद्याच मारतो. माप कमी करून संख्या का कमी करत नाहीत?

आक्षेप रास्त आहे, आणि प्रश्न ५ मधल्या पहिल्या मुद्द्यातूनच निघतो: १८ इंचांवरचे बहुतेक मासे मादीच. यावर एक प्रयोग झालाही. २०२२ आणि २०२३ मध्ये न्यू जर्सीने पट्टा ठेवला होता: १७ ते १८ इंचांच्या आतले दोन आणि १८ किंवा त्यावरचा एक. २०२४ मध्ये पुन्हा सरळ १८ इंचांचे तीन.

अडचण अशी की रेघेच्या अलीकडे गर्दी असते, त्यामुळे माप एक इंच उतरवलं की ठेवल्या जाणाऱ्या माशांची संख्या झपाट्याने वाढते. ती भरून काढायला हंगाम तोडावा लागतो किंवा मर्यादा एक-दोनवर आणावी लागते, आणि मग भाड्याच्या बोटींना गिऱ्हाईक मिळत नाही. आमचं मत विचाराल तर पट्टा बरा होता. सोडून मरणारे कमी, नरही थोडे खोक्यात येतात, आणि मुलांना घेऊन आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जात नाही. पण पट्ट्याने मोजणी किचकट होते, हेही खरंच.

२०. पोटाकडूनही तपकिरी असलेला फ्लूक मिळाला. आजारी आहे का?

नाही. रंगाची गडबड आहे. पिल्लू असताना फ्लूक इतर माशांसारखा उभा पोहतो. मग त्याचा उजवा डोळा डोक्यावरून सरकत डावीकडे येतो आणि तो आडवा होतो. या उलथापालथीत कधी रंगाची वाटणी बिघडते. मापात असेल तर खुशाल खा. क्वचित डोळे उजव्या अंगाला असलेला फ्लूकही निघतो. तेव्हा ओळख जबडा आणि दातांवरून पटवा, आणि माप फ्लूकचंच लावा.

२१. विंटर फ्लाउंडर चुकून लागला तर ठेवू का?

न्यू जर्सीत त्याचं माप १२ इंच आणि मर्यादा माणशी २ अशी राहिली आहे. हंगाम मार्च ते डिसेंबर. त्याचा साठा फ्लूकपेक्षा फार वाईट अवस्थेत आहे. मापात असला तरी सोडलात तर चांगलं.

२२. अठरा इंची मासा म्हणजे किती खायला? आणि 'डोअरमॅट' किती मोठा?

अठरा इंची फ्लूक साधारण दोन-सव्वादोन पौंडांचा, चोवीस इंची पाचच्या आसपास. वजन लांबीपेक्षा फार वेगाने वाढतं. दहा पौंडांवर गेला की त्याला डोअरमॅट म्हणतात. जागतिक विक्रम २२ पौंड ७ औंसांचा, चार्ल्स नॅपी यांनी १५ सप्टेंबर १९७५ ला मॉन्टॉकला धरलेला. अजून मोडलेला नाही.

मापाचा मासा मिळालाच तर लगेच कल्ल्याखाली काप देऊन रक्त काढा आणि बर्फ व समुद्राचं पाणी यांच्या काल्यात बुडवा, नुसत्या बर्फावर ठेवू नका. घरी मधल्या काट्यावरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक सरळ चीर द्या आणि सुरी काट्यांवर टेकवून दोन्हीकडे बाहेर सरकवा. वरून दोन, खालून दोन असे चार फिले निघतात. पांढऱ्या बाजूचे पातळ असतात, ते तव्यावर आधी काढा. परांच्या मुळाशी दोन्ही कडांना मांसाची जी अरुंद झालर राहते ती टाकू नका, आणि मोठा मासा असेल तर गालही.